विकिपीडियावर संदर्भाच्या खरेपणावरून वाद झाला तर : काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

सातारा-सांगलीकडचं एखादं गाव, किल्ला किंवा जुनं संस्थान घ्या, त्यावरचा मराठी विकिपीडियाचा लेख उघडा आणि ‘इतिहास पहा’वर टिचकी मारा. वाद झालेला लेख असेल तर चित्र ठरलेलं असतं. एकानं वाक्य घातलं, दुसऱ्यानं ‘खोटा संदर्भ’ म्हणत काढलं, पहिल्यानं परत घातलं. सारांशाच्या चौकटीत एकमेकांची उणीदुणी, आणि चर्चा पान कोरं करकरीत.

यातली फार थोडी भांडणं खरोखर बनावट संदर्भावरून असतात. बाकीच्यांत संदर्भ खरा असतो, पण भांडणाऱ्या दोघांपैकी एकानेही ते पान डोळ्यांनी पाहिलेलं नसतं. म्हणून खालचा सगळा क्रम एकाच गोष्टीभोवती लावला आहे: आधी पान, मग मत, आणि ‘संपादन’चं बटण सगळ्यात शेवटी.

टप्पा १ : हात थांबवा आणि वाद कशावर आहे ते लिहून काढा

‘संदर्भ खोटा आहे’ या एका वाक्यात चार वेगवेगळे आरोप दडलेले असतात. समोरचा त्यातला कोणता करतोय हे आधी ठरवा. शक्यतो कागदावर लिहा, कारण मनात ठेवलं की चारही एकमेकांत मिसळतात.

१. हे पुस्तक, ही बातमी किंवा हा कागद मुळात अस्तित्वातच नाही.
२. अस्तित्वात आहे, पण सांगितलं तसं नाही. म्हणजे काळ वेगळा, लेखक वेगळा किंवा आवृत्ती वेगळी.
३. आहे आणि अस्सलही आहे, पण त्या पानावर तसं लिहिलेलंच नाही.
४. तसं लिहिलंय, पण अशा गोष्टीसाठी तो स्रोत भरवशाचा नाही.

पहिल्या आरोपाला उत्तर ग्रंथालयात मिळतं. दुसऱ्याला पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर, तिसऱ्याला त्या विशिष्ट पानावर. चौथा मात्र चर्चेनंच सुटतो. लोक नेमकं उलटं करतात. तिसऱ्या आरोपावर पहिल्याचं उत्तर देतात: ‘पुस्तक माझ्या घरात आहे, या बघायला!’ पुस्तक आहे याबद्दल कुणाला शंकाच नव्हती.

एक उदाहरण पुढेही लागेल, म्हणून इथेच घेतो. समजा, कुंडल गावाच्या लेखात एकानं लिहिलं की प्रतिसरकारच्या (१९४० च्या दशकात ब्रिटिशांविरुद्ध चालवलेल्या समांतर सरकारच्या) काळात कुंडल सातारा जिल्ह्यात होतं. दुसऱ्यानं ते खोडून ‘औंध संस्थान’ केलं. तिसरा आला आणि ‘सांगली जिल्हा, तालुका तासगाव’ करून गेला. चौथ्यानं ‘पलूस’ केलं. चौघांकडे छापील संदर्भ आहेत आणि चौघंही बाकीच्या तिघांच्या पुस्तकांना बनावट म्हणताहेत. इथे कोणता आरोप आहे? पहिला नाही, दुसरा नाही, तिसराही नाही. पुस्तकं चारही खरी आहेत. ती कशी, ते टप्पा ४ मध्ये पाहू.

सावधान : हयात व्यक्तीबद्दलचा बदनामीकारक मजकूर असेल आणि संदर्भ नसेल किंवा कच्चा असेल, तर हा क्रम लागू नाही. तो मजकूर आधी काढा, चर्चा पानावर कारण नोंदवा आणि मग बाकीचं. स्थानिक पुढाऱ्यांवरचे लेख, विशेषतः निवडणुकीच्या तोंडावर, याच कारणासाठी डोळ्यांत तेल घालून पाहावे लागतात.

टप्पा २ : स्रोत हातात घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो आणि सगळ्यात जास्त लोक हाच टप्पा गाळतात.

पुस्तक असेल तर चार गोष्टींचे फोटो स्वतःजवळ ठेवा: आतलं शीर्षकपान, त्यामागचं प्रकाशनाच्या तपशिलाचं पान, ज्या पानावरून वाद आहे ते पान, आणि त्याच्या आधीचं व नंतरचं पान. हे शेवटचं लोक विसरतात. वाक्य पान ४७ वर संपतं आणि ‘असे काही जण म्हणतात, परंतु ते खरे नाही’ हे पान ४८ वर सुरू होतं, असं अगदी होतं.

वेष्टनावरचं वर्ष कधी घेऊ नका. तपशिलाच्या पानावर पहिली आवृत्ती कधीची आणि हातातली कितवी ते पाहा. जुन्या पुस्तकांची पुनर्मुद्रणं भरपूर निघतात आणि त्यांत पृष्ठ क्रमांक सरकतात. एकानं जुन्या आवृत्तीचं पान दिलं, दुसऱ्यानं नवी उघडली, तिथे तो मजकूर नाही, आणि झाला ‘खोटा संदर्भ’. वर्ष, आवृत्ती, पान ही तीन अंगं एकत्र नसतील तर तो संदर्भ अर्धाच समजा.

ग्रंथालयाचं नाव आणि पुस्तकाचा दाखल क्रमांकही टिपून ठेवा. दुसऱ्या सदस्याला तीच प्रत मागता येते. सांगलीत तर याची गरज जास्त आहे, कारण २०१९ च्या महापुरात नगर वाचनालयातली पुस्तकं पाण्यात गेली. पूर्वी कुणीतरी तिथे पाहिलेलं पुस्तक आज तिथे नाही, एवढ्यावरून ते पुस्तक नव्हतंच असं ठरत नाही. अशा वेळी सातारा, वाई, कोल्हापूर, पुणे इथली ग्रंथालयं किंवा मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय पालथं घालावं लागतं.

पुस्तक कधी निघालंच नव्हतं असा संशय असेल तर शंकर गणेश दाते यांची मराठी ग्रंथसूची पाहा. एक भाग १८०० ते १९३७ चा, दुसरा १९३८ ते १९५० चा. नियतकालिकांसाठी त्यांचीच वेगळी सूची आहे. १९२० सालचं म्हणून दिलेलं मराठी पुस्तक दात्यांच्या सूचीत नसेल तर संशय वाढतो, पण तेवढ्यावर निकाल देऊ नका. गावात छापलेल्या बारक्या पुस्तिका सूचीकारांच्या हातून सुटणं शक्य आहे.

आयएसबीएन असेल तर दोन मिनिटांची परीक्षा होते. आज चालणारा क्रमांक तेरा आकडी आहे आणि तो २००७ पासून. त्याआधी दहा आकडी होता. भारतातल्या पुस्तकांना ९७८ नंतर बहुधा ८१ किंवा ९३ येतं. पहिला आकडा एकदा, दुसरा तीनदा, तिसरा एकदा, चौथा तीनदा, असं तेराही आकड्यांचं गुणून बेरीज करा. बेरजेला दहानं नि:शेष भाग गेला पाहिजे. गेला नाही तर आकडा चुकीचा उतरवलाय किंवा रचलाय. आणि १९६० च्या पुस्तकाला तेरा आकडी क्रमांक दिला असेल, तर देणाऱ्याच्या हातात मूळ पुस्तक नसून पुनर्मुद्रण आहे.

वर्तमानपत्राची गोष्ट वेगळी. नाव आणि तारीख पुरत नाही. सातारा आवृत्तीचं पान चार आणि सांगली आवृत्तीचं पान चार यांत त्याच दिवशी पूर्णपणे वेगळ्या बातम्या असतात. आवृत्ती लिहिली नसेल तर पडताळणारा बिचारा चुकीचं पान उघडून तुम्हाला खोटं ठरवणार. ई-पेपरचे दुवे फार काळ टिकत नाहीत, म्हणून पान उघडल्या उघडल्या वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या प्रती साठवून ठेवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन करायचा प्रयत्न करा. नाहीच झालं तर शीर्षक, आवृत्ती, तारीख, पृष्ठ हे चारही संदर्भात लिहा.

तपासा : ‘गूगलवर सापडलं नाही’ हा पुरावा नव्हे. मराठी मजकूर युनिकोडमध्ये येण्याआधी वर्षानुवर्षं श्रीलिपी, कृतिदेव असल्या टंकांत बसवला गेला. ती पीडीएफ डोळ्यांना मराठी दिसते, पण शोधयंत्राला ती इंग्रजी अक्षरांची खिचडी वाटते. स्कॅन केलेल्या पुस्तकांचंही तेच, ती नुसती चित्रं असतात. शिवाय स्रोत आंतरजालावर असलाच पाहिजे असा विकिपीडियाचा नियम नाही. तो प्रकाशित हवा आणि दुसऱ्याला कष्ट करून का होईना, पण पाहता आला पाहिजे.

टप्पा ३ : कागदाची जात ओळखा

पान हातात आलं. आता तो स्रोत कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवा. आपल्या भागातल्या लेखांत वारंवार येणारे प्रकार असे.

बखर. बखर खोटी नसते, पण ती घटनेनंतर किती काळानं आणि कुणासाठी लिहिली गेली हे पाहायचं असतं. सभासदाची बखर राजाराम महाराजांच्या काळात, १६९० च्या दशकात जिंजीला लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीसांची साताऱ्यात, साधारण १८१० च्या सुमारास, म्हणजे शिवाजी महाराजांच्या निधनानंतर सुमारे १३० वर्षांनी. दोन्हींना ‘बखर’ म्हणून एकाच तागडीत टाकणं चूक, आणि चिटणिसांची उशिराची म्हणून तिला बनावट म्हणणंही चूक. विकिपीडियासाठी दोन्ही प्राथमिक साधनं आहेत. त्यांच्यावर इतिहासकारांनी काय म्हटलंय ते उद्धृत करा, बखरीतून स्वतः निष्कर्ष काढू नका.

गॅझेटियर. साताऱ्याचा ब्रिटिशकालीन खंड १८८५ चा, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला एकोणिसावा. स्वातंत्र्यानंतर राज्य सरकारनं सातारा आणि सांगलीचे वेगळे खंड काढले. नुसतं ‘सातारा गॅझेटियर’ लिहिलेला संदर्भ निरुपयोगी आहे, कोणता ते लिहा. हद्दी, पेठा, महसूल यांसाठी जुना खंड उत्तम. जातीजमातींच्या स्वभावाबद्दल त्यात जी विधानं आहेत ती त्या काळच्या साहेबांच्या नजरेतली आहेत, ती आज तथ्य म्हणून लेखात घालू नका.

शिलालेख आणि कोनशिला. साताऱ्याजवळच्या लिंब गावातली बारा मोटेची विहीर घ्या. तिच्यावरच्या लेखामुळे बांधकामाचा काळ १७१९ ते १७२४ असा सांगता येतो. पण आपण मोबाइलवर फोटो काढून स्वतः वाचलेला शिलालेख हा विकिपीडियासाठी संदर्भ होत नाही, ते स्वतःचं संशोधन झालं. कुणा जाणकारानं तो वाचून कुठेतरी छापला असेल तर ते छापील वाचन द्या. फोटो कॉमन्सवर (विकिपीडियाच्या सामायिक चित्रसंग्रहावर) जरूर चढवा, वाचकाला उपयोग होतो. देवळांच्या नव्या ग्रॅनाइटच्या पाट्यांवर तर मुळीच विसंबू नका. जीर्णोद्धार समितीनं ‘पांडवकालीन’ लिहून टाकलेलं असतं.

मोडी कागद. घरात मोडी दप्तर आहे आणि त्यावरून कुणी गावाच्या पाटीलकीचा इतिहास लिहितोय, हा वाद हमखास पेटतो. कागद अस्सल की मागाहून तयार केलेला, हे शाई, कागद, शिक्का, मायना पाहून तज्ज्ञ ठरवतात. तुम्ही किंवा मी विकिपीडियाच्या चर्चा पानावर ते ठरवू शकत नाही, आणि ठरवायचंही नाही. प्रश्न एकच विचारा: हा कागद कुठे प्रकाशित झाला आहे का? नसेल तर चर्चा तिथे संपते. कागदाचा अपमान न करता संपते, हे महत्त्वाचं.

स्मरणिका, गौरवग्रंथ, कुलवृत्तांत. संस्थेची स्थापना कधी झाली, पहिले अध्यक्ष कोण, असल्या साध्या नोंदींना संस्थेची स्मरणिका चालते. ‘आशिया खंडातला पहिला प्रयोग’ याला चालत नाही. कुलवृत्तांतातल्या वंशावळीही तशाच: अलीकडच्या चार पिढ्या बऱ्याचदा नीट, त्यामागे जाल तसं धुकं.

पुरवणी. हा आमच्याकडचा सगळ्यात फसवा प्रकार. नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, साखर कारखान्याच्या गळीत हंगामाची पुरवणी, यात्रेची पुरवणी. कागद वर्तमानपत्राचा, मांडणी बातमीसारखी, पण आत जाहिरातदारानं दिलेला मजकूर. पानाच्या कडेला बारीक अक्षरात ‘विशेष पुरवणी’, ‘जाहिरात’ असं काही आहे का पाहा, मजकुरावर बातमीदाराचं नाव आहे का पाहा, आणि आजूबाजूला ‘शुभेच्छुक’ किती आहेत ते मोजा. अशा पुरवणीला बनावट म्हणता येणार नाही, पण ती तटस्थ स्रोतही नाही. म्हणजे आरोप चौथा, पहिला नव्हे.

टप्पा ४ : तारखा आणि हद्दी जुळवा

एवढं झाल्यावरही दोन खरे स्रोत एकमेकांना छेद देत असतील, तर सदस्यांना वाटतं की एक तरी खोटा असणारच. बहुतेक वेळा नसतो.

हद्दी आधी. १८८५ च्या गॅझेटियरमध्ये तासगाव, खानापूर, वाळवा हे तालुके सातारा जिल्ह्यात आहेत. १९४९ मध्ये जिल्हा विभागला आणि दक्षिण सातारा हा नवा जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव १९६० मध्ये मिळालं. मध्ये संस्थानांची ठिगळं: सांगली, मिरज, जत, औंध, फलटण. कुंडल आणि आटपाडी हे तर औंध संस्थानाचे तालुके होते, औंधपासून दूर, ब्रिटिश मुलखानं वेढलेले. संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं.

आता टप्पा १ मधलं भांडण परत पाहा. चळवळीचं नाव ‘सातारचं प्रतिसरकार’, कारण ती त्या वेळच्या सातारा जिल्ह्यात पसरली होती. कुंडल गाव तेव्हा कागदोपत्री औंध संस्थानात. विभाजनानंतरच्या पुस्तकात ते तासगाव तालुक्यात दिसेल. आज ते पलूस तालुक्यात, सांगली जिल्ह्यात आहे. चारही पुस्तकं आपापल्या काळापुरती बरोबर. लेखात एकच वाक्य लागतं: त्या वेळी कुठे होतं आणि आता कुठे आहे. दोन्हींना वेगवेगळा संदर्भ.

लोकसंख्येचंही हेच. सांगली शहर आणि १९९८ मध्ये झालेली सांगली-मिरज-कुपवाड महापालिका यांचे आकडे वेगळे असणारच. आकड्याशेजारी वर्ष आणि हद्द लिहा, भांडण मिटतं.

तारखांची गोष्ट थोडी किचकट आहे. शकाचा इसवी सन करताना चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुनाच्या शेवटापर्यंत ७९. फाल्गुन शके १५५१ म्हणजे १६२९ नव्हे, १६३०. सरसकट ७८ मिळवणारा सदस्य एका वर्षानं चुकतो आणि मग बरोबर लिहिणाऱ्यालाच बनावट ठरवतो. पेशवेकालीन पत्रांत सुहूर सन ही वेगळी कालगणना असते. त्यात मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवावे लागतात. म्हणून सुहूर ११७१ हे १७७०-७१ असं दुहेरीच लिहावं लागतं, महिना कळल्याशिवाय एक वर्ष पक्कं करू नका.

शिवकालीन तारखांत आणखी एक पेच आहे. अफजलखान वध १० नोव्हेंबर १६५९ ला झाला असं आपण वाचतो. ही जुन्या, म्हणजे ज्युलियन पद्धतीची तारीख. पंचांग बदलून देणारं एखादं संकेतस्थळ मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी शके १५८१ टाकल्यावर २० नोव्हेंबर दाखवतं, कारण ते आजच्या ग्रेगोरियन पद्धतीनं मोजतं आणि सतराव्या शतकात दोन्हींत दहा दिवसांचा फरक होता. प्रतापगडाच्या लेखात कुणी ही तारीख ‘दुरुस्त’ करताना दिसलं तर त्याला लबाड म्हणू नका, पद्धत समजावून सांगा. लेखात छापील इतिहासग्रंथांची तारीख ठेवा.

सावधान : तारखेचं रूपांतर तुम्ही स्वतः केलं असेल तर ते फक्त पडताळणीसाठी वापरा. लेखात जाईल ती प्रकाशित स्रोतात दिलेली तारीख.

टप्पा ५ : खरोखर बनावट असेल तर

होतं, असंही होतं. चिनी विकिपीडियावर एका सदस्यानं मध्ययुगीन रशियाचा कल्पित इतिहास रचत दोनशेहून अधिक लेख लिहिले आणि २०२२ पर्यंत ते तसेच राहिले. संदर्भ इतके विद्वत्तापूर्ण दिसत की कुणी उघडून पाहिलेच नाहीत. एका वाचकानं रशियन स्रोतांशी ताडून पाहिलं तेव्हा दिलेली पानं आणि आवृत्त्याच नसल्याचं निघालं. मराठी वाचकानं यातून घ्यायचं ते एवढंच, की संदर्भांची संख्या आणि भारदस्तपणा पाहून हुरळून जायचं नाही.

पुढची लक्षणं दिसली तर प्रत्येक संदर्भ एकेक करून तपासा.

– पृष्ठ क्रमांक कुठेच नाहीत, किंवा पुस्तकाला जेवढी पानं आहेत त्याहून मोठा आकडा दिलाय.
– लेखक खरा, प्रकाशक खरा, पण त्या लेखकाचं या नावाचं पुस्तक कुठल्याच सूचीत नाही. यंत्राकडून लिहून घेतलेल्या लेखांत हे सर्रास आढळतं. चॅटजीपीटीसारखी साधनं शोभेलसं शीर्षक सहज रचून देतात. कधी कधी दुव्याच्या शेपटीला त्या साधनाचं नावच चिकटून आलेलं असतं.
– दुवा उघडतो, पण भलत्याच विषयाचं पान निघतं.
– एकाच खात्यानं एकाच पुस्तकाचा संदर्भ वीस गावांच्या लेखांत पेरलाय.

या यादीत न बसणारा एक प्रकार जास्त घातक आहे: गोल फिरणारा संदर्भ. विकिपीडियावर कुणीतरी बिनसंदर्भाचं वाक्य टाकतो, वार्ताहर ते उचलून यात्रेच्या बातमीत छापतो, आणि वर्षभरानं तीच बातमी विकिपीडियावर त्या वाक्याचा संदर्भ म्हणून येते. पकडायची रीत सोपी आहे. ‘इतिहास पहा’मध्ये ते वाक्य पहिल्यांदा कोणत्या तारखेला आलं ते शोधा आणि बातमीची तारीख पाहा. बातमी नंतरची आणि शब्द जवळपास तेच, तर तो संदर्भ बाद. वाक्यच लेखात राहायला हवं असेल तर विकिपीडियाच्या आधीचा स्रोत शोधावा लागेल.

तपासा : एक संदर्भ बनावट निघाला म्हणून त्या सदस्याची सगळी संपादनं एका झटक्यात उलटवू नका. प्रत्येक तपासा. कंटाळवाणं आहे, पण त्याला पर्याय नाही.

टप्पा ६ : चर्चा पानावर मांडा

आता कुठे लिहायला बसायचं. लेखाच्या ‘चर्चा’ पानावर नवा विभाग उघडा, शीर्षकात त्या वाक्याचा विषय द्या. ‘अमुकची दादागिरी’ असलं शीर्षक दिलंत तर पुढचं कुणी वाचणार नाही. समोरच्याच्या सदस्य चर्चा पानावर सगळा वाद नेऊ नका, तिथे फक्त लेखाच्या चर्चेकडे यायचं निमंत्रण द्या. मजकूर साधारण असा असावा:

‘लेखातल्या अमुक वाक्याबद्दल. दिलेलं पुस्तक मी पाहिलं. दुसरी आवृत्ती, वर्ष अमुक, पृष्ठ ४७. तिथे मजकूर असा आहे: (दोन-तीन ओळी जशाच्या तशा). माझ्या वाचनाप्रमाणे यातून गावाची त्या वेळची हद्द कळते, आजची नाही. तुमच्याकडे वेगळी आवृत्ती असल्यास पृष्ठ क्रमांक द्यावा. आठवडाभर वाट पाहतो, तोवर लेखात बदल करत नाही.’

खाली चार तरंगचिन्हं ~~~~ टाकून सही करा.

यात नसलेल्या गोष्टी पाहा. ‘तुम्ही खोटं बोलताय’ नाही, ‘मी या विषयात इतकी वर्षं आहे’ नाही, आणि तिसऱ्याच लेखातलं जुनं भांडण नाही. उतारा मात्र आहे. तो नसेल तर बाकी सगळं वाफ आहे. उतारा दोन-तीन ओळींचाच ठेवा. पुस्तकाचं पानच्या पान कॉमन्सवर चढवलंत तर प्रताधिकाराचा नवा वाद ओढवून घ्याल.

आदरार्थी बोला. समोरचा सतरा वर्षांचा कॉलेजचा पोरगा असेल किंवा सत्तरीतले निवृत्त मास्तर, खात्याच्या नावावरून कळत नाही. आणि कळलं तरी लिहू नका! सातारा-सांगलीत सगळेच एकमेकांच्या पाव्हण्यांतले निघतात. ‘तुम्ही अमक्या गल्लीतले ना, तुमच्या वडिलांना ओळखतो’ हे कट्ट्यावर चालतं. विकिपीडियावर दुसऱ्याची खरी ओळख उघड करणं हा गंभीर गुन्हा धरला जातो आणि त्यासाठी खातं अडवलं जाऊ शकतं.

स्वतःचं गाव, स्वतःचं घराणं, आपण सभासद असलेला कारखाना किंवा शिक्षणसंस्था असेल तर ते आपणहून सांगा. नाव-पत्ता देऊ नका, नातं सांगा. मग लेखात हात न घालता चर्चा पानावर बदल सुचवा. दुसऱ्यानं शोधून काढण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

टप्पा ७ : लेखात बदल करा, पण सगळ्यात हलका उपाय आधी

चर्चेत काय ठरलं त्यावर हे अवलंबून आहे. अनेक जण थेट वाक्य उडवतात, वास्तविक त्याआधी बऱ्याच पायऱ्या आहेत.

संदर्भ खरा, पण अपुरा: आवृत्ती, पृष्ठ भरा. वाक्याला हात लावू नका.
संदर्भ खरा, पण वाक्य त्यापुढे गेलंय: वाक्य संदर्भाएवढं आखूड करा.
संदर्भ सापडत नाही, पण वाक्य संभवनीय: ‘संदर्भ हवा’ साचा (वाक्यापुढे दिसणारी तयार खूण) लावा आणि थांबा.
दोन चांगले स्रोत, दोन मतं: दोन्ही द्या, कुणाचं मत ते नावानिशी सांगा. मात्र दहा इतिहासकार एका बाजूला आणि एक पुस्तिका दुसऱ्या बाजूला असेल तर दोघांना सारखी जागा देणं हा तटस्थपणा नव्हे.
संदर्भ बनावट सिद्ध झाला: वाक्य आणि संदर्भ दोन्ही काढा, सारांशात ‘चर्चा पान पाहा’ लिहा.

‘पहिला’ या शब्दापाशी विशेष थांबा. विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यापूर्वी तंजावरच्या भोसले राजांच्या दरबारात मराठी नाटकं लिहिली गेली होती. दोन्ही खरं आहे. सांगलीच्या लेखात पहिलेपण सांगताना कशातलं पहिलं, कुणाच्या मते पहिलं, हे न लिहिल्यानं किती तरी वेळा उलटवाउलटवी होते.

सावधान : तुमचा बदल कुणी उलटवला तर तो लगेच परत घालू नका, चर्चेकडे वळा. इंग्रजी विकिपीडियावर एकाच पानावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा उलटवणाऱ्याचं खातं अडवलं जातं. तीन वेळा उलटवायचा हक्क आहे, असा त्याचा अर्थ कुणी काढू नये.

टप्पा ८ : तरी जमलं नाही तर

लेखाच्या चर्चा पानावर उत्तर येत नसेल किंवा तेच तेच दळण चालू असेल, तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जा. तिथे सगळी कहाणी सांगू नका. लेखाचं नाव, वादातलं वाक्य, दोन्ही बाजूंचे स्रोत आवृत्ती-पृष्ठांसह, आणि चर्चेचा दुवा, एवढंच. प्रचालकांना (खाती अडवणं, पानं सुरक्षित करणं असे जादा अधिकार असलेल्या सदस्यांना) साद घालायची ती वागणुकीबद्दल: सतत उलटवणं, शिवीगाळ, एकाच माणसाची दोन-चार खाती. अमुक पुस्तक खरं की खोटं याचा निवाडा देणं हे प्रचालकाचं काम नाही, तो न्यायाधीश नसतो.

भावकीच्या किंवा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा टाकून ‘सगळ्यांनी जाऊन आपलं मत नोंदवा’ हे तर अजिबात करू नका. रातोरात आलेली वीस नवी खाती आणि त्यांचं एकसारखं वाक्य लगेच ओळखू येतं. तिथे मतांची मोजणी नसते, मुद्द्यांची असते. तुमचा मुद्दा बरोबर असला तरी या गर्दीमुळे तो संशयात येतो.

वाद मिटल्यावर दोन कामं राहतात. चर्चा पानावर त्या विभागाखाली निष्कर्ष एका ओळीत नोंदवा: काय ठरलं, कोणत्या स्रोताच्या आधारे, कोणत्या तारखेला. पुढच्या वर्षी कुणीतरी नवा सदस्य तेच वाक्य बदलायला येणार आहे, त्याला ही ओळ दाखवता येते. आणि त्याच गावाचे, त्याच व्यक्तीचे संबंधित लेख उघडून पाहा. कुंडलच्या लेखात हद्द नीट झाली, पण क्रांतिसिंह नाना पाटलांच्या लेखात, किर्लोस्करवाडीच्या लेखात आणि औंध संस्थानाच्या लेखात जुनंच राहिलं, तर तिथून ते परत उचललं जाईल. इंग्रजी विकिपीडियावरचा जोडलेला लेखही पाहून घ्या, आणि तिथे बदल करायचा असेल तर तिथल्या चर्चा पानापासून सुरुवात करा.